फिजी बेटांतील दोन समाज

फिजीहून परत आलेल्या प्रवाशाला त्या देशाची हकीकत विचारली, तर तो बहुधा एकाच वाक्यात सांगतो : जमीन तिथल्या मूळ लोकांची आणि पैसा हिंदी लोकांचा. वाक्य सोपे आहे, चटकन लक्षात राहते, आणि निदान तीन पिढ्या ते तोंडोतोंडी चालत आलेले आहे. दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांनी ते आपापल्या सोयीने वापरले. आणि १९८७ साली तोंडावर बुरखे चढवून, हाती बंदुका घेऊन जे सैनिक तिथल्या प्रतिनिधिगृहात शिरले, त्यांच्याही मनात थोड्याफार फरकाने हेच वाक्य असावे. आज आम्हाला हे वाक्य तपासून पाहायचे आहे. ते सपशेल खोटे असते तर व्याख्यानाची गरज नव्हती. ते अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याने एका देशाचे पुष्कळ नुकसान केले आहे.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. फिजीच्या मूळ रहिवाशांना त्यांच्या भाषेत तौकेई, म्हणजे भूमीचे मालक, म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू. भारतातून तिथे गेलेल्यांच्या वंशजांना, आपल्याकडे जुन्या पिढीची रीत होती त्याप्रमाणे, हिंदी लोक म्हणू. फिजी म्हणजे प्रशांत महासागरातील तीनशेहून अधिक बेटांचा पुंजका. त्यांतल्या शंभरेकच बेटांवर वस्ती आहे, आणि सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ती पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याहून किंचितच अधिक भरते. विती लेवू आणि वनुआ लेवू ही दोन मोठी बेटे. त्यांच्या पूर्वेच्या अंगाला पाऊस धो धो कोसळतो. पश्चिमेची व उत्तरेची बाजू त्या मानाने कोरडी, आणि तिथेच ऊस होतो. पुढच्या साऱ्या कथेचे रंगस्थळ हा उसाचा पट्टा आहे.

१० ऑक्टोबर १८७४ रोजी थाकोम्बाऊ व इतर सरदारांनी लेवुका येथे आपली बेटे इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन केली. पाठोपाठ १८७५ च्या आरंभी गोवर आला. थाकोम्बाऊ सिडनीची भेट आटोपून ज्या ब्रिटिश लढाऊ जहाजातून परतला, त्याच जहाजातून ही साथ उतरली. त्या लोकांच्या रक्ताला या रोगाची ओळख नव्हती. काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसे मेली. दर चार माणसांमागे एक गेला असे धरले तरी चालेल. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेच हे साल, म्हणजे काळ आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. गोवर ओसरल्यावरही लोकसंख्या घटतच राहिली. १८८१ च्या शिरगणतीत तौकेई १,१४,७४८ होते, १९२१ मध्ये ८४,४७५ उरले. आपला वंश नामशेष होणार ही भीती या समाजाच्या मनात कोणी चिथावणीने भरली असे समजू नये. तिला घरोघरच्या प्रेतांचा आधार होता.

याच वर्षी सर आर्थर गॉर्डन गव्हर्नर म्हणून आले. हा मनुष्य आपल्या कथेतील मुख्य पात्र आहे, आणि त्याच्याविषयी एकच एक मत देणे कठीण आहे. तौकेईंना मळेवाल्या गोऱ्यांच्या हाती देऊ नये, त्यांची जमीन विकली जाऊ नये, त्यांनी आपल्या गावात आपल्या सरदारांच्या हाताखाली राहावे, हे त्याने मनापासून ठरवले आणि ते पार पाडले. कर रोख घेण्याऐवजी पीकरूपाने घेण्याची पद्धत त्याने घातली. गावाने मिळून खोबरे, ऊस, तंबाखू पिकवावा व तो सरकारात भरावा. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या किंवा ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या जमिनींचे काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे, ते गॉर्डनला सहज नावे ठेवणार नाहीत. तीस वर्षांनी, १९०५ साली, दुसऱ्या एका गव्हर्नराने जमीनविक्रीची मुभा दिली, तेव्हा लॉर्ड स्टॅनमोर झालेल्या या म्हाताऱ्याने उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि थोड्याच वर्षांत ती विक्री बंद पडली.

पण वसाहतीचा खर्च भागला पाहिजे, असा लंडनचा आग्रह होता. पैसा ऊस देणार. आणि ऊस कोण तोडणार? तौकेईला तर गावात ठेवायचे ठरलेले. गॉर्डन यापूर्वी त्रिनिदाद व मॉरिशस येथे गव्हर्नर होता, आणि भारतातील मजूर आणून साखरेचा मळा कसा चालवतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने तीच वाट धरली. तौकेईला गावात राखणे आणि हिंदी मजुराला मळ्यात आणणे या दोन वेगळ्या घटना नव्हेत. ती एकाच योजनेची दोन अंगे होती. तौकेईचे संरक्षण हिंदी मजुराच्या पाठीवर उभे होते, आणि हिंदी मजुराला बेटावर पाय ठेवायला मिळाला तो तौकेईला मळ्यापासून दूर ठेवले म्हणून. पुढे हे दोन समाज एकमेकांकडे संशयाने पाहू लागले तेव्हा ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात राहिली नाही.

‘लिओनिडास’ नावाचे पहिले जहाज कलकत्त्याहून निघून १४ मे १८७९ रोजी फिजीला लागले. वाटेत देवी व पटकी यांनी माणसे दगावली होती. १९१६ पर्यंत एकंदर सत्त्याऐंशी खेपा झाल्या आणि साठ हजारांहून अधिक माणसे गेली : सुमारे तीन चतुर्थांश कलकत्त्याहून, बाकीची मद्रासहून. मुंबई बंदरातून तिकडे मजुरांचे जहाज गेले नाही. म्हणूनच मॉरिशसमध्ये जशी मराठी वस्ती आढळते तशी फिजीत आढळत नाही. करार पाच वर्षांचा. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे त्या लोकांनी ‘गिरमिट’ केले, आणि स्वतःला ते गिरमिटिये म्हणवू लागले. नेमून दिलेले काम पुरे केले तर पुरुषाला दिवसाला एक शिलिंग आणि स्त्रीला नऊ पेन्स. पुरे न झाल्यास मजुरी कापली जाई, वर खटला. राहायला दहा फूट लांब व सात फूट रुंद अशी खोली. तीत तीन एकटे पुरुष, नाहीतर एक नवराबायको आणि त्यांची मुले. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असाव्यात असा नियम होता. या विषम प्रमाणातून जे खून आणि ज्या आत्महत्या झाल्या त्यांची कथा इथे सांगत बसत नाही. त्या चाळींना ते लोक ‘नरक’ म्हणत.

ही प्रथा बंद करावी असा ठराव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला. तीन वर्षांनी गोखले वारले. त्याच १९१५ साली सी. एफ. अँड्रूज व पिअर्सन हे स्वतः फिजीला जाऊन चौकशी करून आले, देशभर ओरड झाली, १९१७ मध्ये भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी उरलेले सर्व करार रद्द झाले. दहा वर्षे राहिलेल्यास परतीचे भाडे फुकट मिळे. त्याचा लाभ घेऊन सुमारे चोवीस हजार लोक परत आले. बाकीचे तिथेच राहिले. त्यांचे पुढे काय झाले, हा आजचा खरा विषय.

प्रथम जमिनीकडे वळू. आकडा असा आहे : देशातील शेकडा ८३ जमीन तौकेईंच्या सामाईक मालकीची, पुढे सरकारी जमिनीचा काही भाग परत मिळाल्यावर हे प्रमाण आणखी वाढले. हा आकडा ऐकला की तौकेई म्हणजे जमीनदार आणि हिंदी मनुष्य म्हणजे कूळ, असे चित्र आपल्या मनापुढे उभे राहते. आपल्याकडील कूळकायद्याच्या आठवणी ताज्या असलेल्या माणसाला तर ते फारच ओळखीचे वाटेल. पण थोडे जवळ जाऊन पाहावे. एक तर या जमिनीचा फार मोठा भाग डोंगर आणि रान आहे. नांगर चालेल अशी सपाट जमीन थोडी, आणि उसाची त्याहून थोडी. दुसरे असे की ही मालकी एका माणसाची नाही. ती मतांगालीची, म्हणजे आपल्या शब्दांत सांगायचे तर भावकीची आहे. ही भावकीच सर्वत्र जमिनीची मालक होती, हेदेखील गॉर्डनच्या अंमलदारांनी सरसकट ठरवून टाकले; प्रत्यक्षात बेटोबेटी रिवाज निरनिराळे होते, हे पीटर फ्रान्स यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. भावकीच्या माणसाला ही जमीन विकता येत नाही आणि तारणही ठेवता येत नाही. म्हणजे ती जाण्याची भीती नाही, पण तिच्यावर कर्ज उभारून दुकान टाकावे किंवा ट्रक घ्यावा, हेही शक्य नाही.

मग खंड तरी किती मिळतो? १९४० साली रातू सुकुना यांच्या प्रयत्नाने जमिनीसाठी एक विश्वस्त मंडळ स्थापन झाले. सुकुना हे ऑक्सफर्डला शिकलेले, पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात लढून पदक मिळवलेले, मोठ्या घराण्यातील सरदार. गावोगाव फिरून त्यांनी आपल्या लोकांना जमीन मंडळाच्या हाती सोपवायला राजी केले. त्या काळी ही दूरदृष्टीच होती, कारण त्यामुळे कुळालाही एकाच ठिकाणी पट्टा मिळू लागला. पण वाटणी कशी होती ती पाहा. शंभर डॉलर खंड आला तर मंडळाच्या खर्चासाठी पंचवीस कापून घेता येत. उरलेल्या पंचाहत्तरांतून तीन पायऱ्यांवरच्या सरदारांना शेकडा पाच, दहा आणि पंधरा या दराने मिळून साडेबावीस जात. भावकीतील सर्व माणसांना मिळून राहत साडेबावन्न. भावकीत दोनशे माणसे असली तर एकेकाच्या हाती किती पडणार, याचा हिशेब घरी करावा. बरे, १९७६ च्या कायद्याने खंडाची मर्यादाही जमिनीच्या मूळ किमतीच्या शेकडा सहा ठरवून दिलेली. म्हणजे ज्याला देश जमीनदार समजत होता, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या खंडातून बहुधा मुलाची शाळेची फीदेखील निघत नसे. सरदारांचा वेगळा वाटा बंद होऊन सर्वांना सारखी वाटणी मिळायला २०११ साल उजाडावे लागले.

आता दुसरा पक्ष. गिरमिट संपल्यावर हिंदी शेतकरी उसाकडेच राहिला. पण आता तो खंडकरी झाला. काही जमीन भावकीची, काही सिडनीच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीची. ही कंपनी १८८० नंतर फिजीत आली आणि १९२६ पासून देशातील सारे साखर कारखाने तिच्या एकटीच्या ताब्यात होते. मळे चालवणे परवडेना तेव्हा तिने दहा-दहा एकरांचे तुकडे पाडून ते हिंदी कुळांना दिले. बेणे तिचे, खत तिचे, आगाऊ रक्कम तिची, वजनकाटा तिचा आणि भावही तिचाच. ज्या श्रोत्यांनी ऊस लावला आहे त्यांना या ओळीचा अर्थ उलगडून सांगायला नको. १९२१, १९४३ आणि १९६० साली मोठे संप झाले. अखेर १९६९ मध्ये इंग्लंडचे नामांकित न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे वाद गेला. त्यांनी कंपनीचे हिशेब तपासले आणि साखरेच्या उत्पन्नातील शेकडा ६५ वाटा शेतकऱ्याचा ठरवला. कंपनीने हे मान्य नसल्याचे कळवले आणि १९७३ साली कारखाने सरकारला विकून ती निघून गेली. नव्वद वर्षे जिने या देशाची मुख्य संपत्ती उचलली, तिचे नाव ‘जमीन यांची, पैसा त्यांचा’ या वाक्यात कुठेच नाही, हे लक्षात घ्यावे. तसेच खोबऱ्याचा घाऊक व्यापार बर्न्स फिल्प आणि मॉरिस हेडस्ट्रॉम या गोऱ्या पेढ्यांच्या हाती, वातुकौलाची सोन्याची खाण गोऱ्या कंपनीची, पेढ्या आणि बँकाही बहुतेक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या. दोन समाजांची तुलना रंगात आली की हा तिसरा गृहस्थ खुर्चीत स्वस्थ बसून राही. १९३७ पासून कायदे कौन्सिलात गोऱ्यांना पाच, तौकेईंना पाच आणि हिंदी लोकांना पाच अशा जागा होत्या. गोरे लोकसंख्येत शेकडा पाचदेखील नव्हते. या व्यवस्थेला तीन पायांच्या स्टुलाची उपमा देण्याची तिकडे फार हौस होती. एक पाय इतका आखूड असून स्टूल सपाट कसे राहते, हे मात्र कोणी विचारत नसे.

‘पैसा हिंदी लोकांचा’ या वाक्याला आधार कशाचा, तर दुकानांचा. सुव्याच्या कमिंग स्ट्रीटवरून चालत गेले की कापडाची, दागिन्यांची, भांड्यांची दुकाने दिसतात आणि पाट्यांवर हिंदी नावे. तौकेई बाई खेड्यातून येऊन हे पाहते आणि तिच्या मनात जे यायचे ते येते. पण या दुकानदारांपैकी पुष्कळ गुजराती आहेत. ते गिरमिटावर गेलेले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सोनार, शिंपी, व्यापारी म्हणून स्वतःच्या पैशाने गेले आणि हिंदी लोकांत त्यांची संख्या थोडकीच आहे. लम्बासाच्या उसाच्या रानात राबणारा हिंदी शेतकरी याच दुकानांत उधारीवर माल घेत आला आणि साखरेचा हप्ता आला की बाकी भागवत आला. तौकेई बाईच्या नजरेला मात्र दुकानदार आणि त्याचा देणेकरी हे दोघे एकच दिसले. शिरगणतीच्या तक्त्यातही ते एकाच रकान्यात बसतात.

तौकेई दुकान का चालवू शकला नाही? याला सरसकट उत्तर दिले जाते ते ‘केरेकेरे’ या रूढीचे. नातलगाने वस्तू मागितली तर नाही म्हणू नये, अशी ती रूढी. दुकानदाराचा चुलता आला, साखर मागितली, झाले. यात तथ्य आहे, पण आम्हाला हे उत्तर फार सोयीचे वाटते. रूढीइतकाच सरकारचाही हात होता. गाव सोडून स्वतंत्र शेती करू पाहणाऱ्या तौकेईवर कितीतरी वर्षे नियमांचे ओझे होते : गावकीची कामे त्याने केली पाहिजेत, नाहीतर त्याबद्दल कर भरला पाहिजे. भारताच्या भूगोलावरील आपल्या ग्रंथामुळे जे इकडे प्रसिद्ध आहेत त्या प्रा. स्पेट यांनी १९५९ साली तौकेईंच्या आर्थिक स्थितीवर अहवाल लिहिला. या सामुदायिक चौकटीतून माणसाला बाहेर पडू दिल्याखेरीज त्याची प्रगती होणार नाही, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. ज्या भिंतीने त्याला वाचवले, तिच्याच आत तो अडकला होता. मताचा अधिकारही सामान्य तौकेईला १९६३ साली मिळाला. हिंदी लोकांना तो, मर्यादित का होईना, १९२९ मध्येच मिळालेला होता.

शिक्षणाची गोष्ट याहून उद्बोधक आहे. आरंभी तौकेईच पुढे होते. मेथॉडिस्ट मिशनने गावोगाव शाळा घातल्या होत्या आणि स्वभाषेत लिहिता-वाचता येणारे लोक त्यांच्यात गिरमिटियांपेक्षा कितीतरी अधिक होते. हिंदी मजुरांच्या मुलांसाठी सरकारने बराच काळ काहीच केले नाही. मग आर्य समाज, सनातन धर्म, मुस्लिम लीग, दक्षिणी लोकांचा संगम अशा संस्थांनी वर्गण्या गोळा करून, स्वतः लाकूड-पत्रे वाहून शाळा बांधल्या. यामागे विद्येचे प्रेम होतेच; पण एक रोखठोक हिशेबही होता. दहा एकरांचा पट्टा तीन मुलांत वाटता येत नाही आणि तो मुदतीनंतर राहील याचाही भरवसा नाही. जमीन मिळवणे हाती नव्हते, तेव्हा पाटी हाती घेतली. वकील, डॉक्टर, शिक्षक हिंदी लोकांतून निघाले याचे कारण अंगभूत बुद्धीत शोधणाऱ्यांनी खंडाचा पट्टा एकदा वाचून पाहावा.

तौकेईंनी दुसरा एक मार्ग धरला तो सैन्याचा. दुसऱ्या महायुद्धात ते सॉलोमन बेटांत जपान्यांशी शौर्याने लढले. सेफानाइया सुकानाइवालू याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी लोकांनी गोऱ्या शिपायांइतकाच पगार मागितला, सरकारने तो नाकारला आणि फारच थोडे हिंदी लोक भरती झाले. वर १९४३ साली युद्ध ऐन भरात असता उसाचा संप. दोन्ही मागण्या न्यायाच्या होत्या असे आमचे मत आहे. पण ज्या घरातील मुलगा रणांगणावर पडला त्या घरी न्यायाचा हिशेब कोण मांडणार? ती आठवण पुढे चाळीस वर्षे पुरली, आणि सैन्य जवळजवळ संपूर्णपणे एकाच समाजाचे राहिले.

दरम्यान शिरगणतीचे आकडे बदलत होते. १९४६ साली हिंदी लोक तौकेईंपेक्षा थोडे अधिक भरले. १९६६ मध्ये ते निम्म्याच्या वर गेले. ज्यांची आजी गोवराच्या गोष्टी सांगत असे त्यांच्यापुढे हा आकडा आला. १० ऑक्टोबर १९७० रोजी देश स्वतंत्र झाला. रातू कामिसेसे मारा सतरा वर्षे पंतप्रधान राहिले. एप्रिल १९८७ च्या निवडणुकीत डॉ. तिमोसी बावान्द्रा यांच्या आघाडीला बावन्नपैकी अठ्ठावीस जागा मिळाल्या. बावान्द्रा स्वतः तौकेई, पण सरदार घराण्यातले नव्हेत. त्यांच्या बाजूचे बहुतेक सभासद हिंदी होते. महिनाभराने, १४ मे रोजी, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राम्बुका यांनी सत्ता हस्तगत केली. ‘लिओनिडास’ किनाऱ्याला लागल्याला त्या दिवशी बरोबर १०८ वर्षे होत होती.

यापुढचे राजकारण, म्हणजे १९९० ची एकतर्फी घटना, १९९७ ची समेटाची घटना, २००० साली पंतप्रधान महेंद्र चौधरी यांना छप्पन्न दिवस ओलीस ठेवले ते प्रकरण आणि २००६ चे लष्करी बंड, आपण वृत्तपत्रांतून वाचलेले आहे. आम्हाला पाहायचे आहे ते असे की, ज्याच्या नावाने हे सारे झाले त्या सामान्य तौकेईच्या पदरात काय पडले. तौकेईंच्या उत्कर्षासाठी म्हणून सरकारी मालकीच्या नॅशनल बँकेने सढळ हाताने कर्जे वाटली. १९९५ च्या सुमारास बँक बुडाली आणि सुमारे बावीस कोटी फिजी डॉलरांचा खड्डा पडला. कर्जदारांत वजनदार मंडळी होती, आणि ती काही एकाच वंशाची नव्हती.

हिंदी शेतकऱ्याचे काय झाले? १९७६ च्या कायद्याखालचे पट्टे १९९७ पासून संपू लागले. कित्येकांचे नवे झाले नाहीत. ज्या जमिनीवर आजोबांनी विहीर खणली, बापाने घर बांधले, ती सोडून कुटुंबे ट्रकात सामान घालून सुव्याच्या आसपास आली आणि परवान्याविना उभ्या राहिलेल्या झोपड्यांत राहू लागली. शेजारच्या झोपडीत बहुधा बेटावरून कामासाठी आलेला तौकेई असे. १९९७ साली सरकारने व संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मिळून दारिद्र्याविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात देशातील चतुर्थांश कुटुंबे गरीब आढळली. हिंदी लोकांचे सरासरी उत्पन्न अधिक होते खरे; पण गरीब कुटुंबांचे प्रमाण दोन्ही समाजांत जवळजवळ सारखे, किंबहुना हिंदी लोकांत थोडे अधिकच निघाले. श्रीमंत हिंदी फार श्रीमंत होता म्हणून सरासरी वर गेली होती. एका पंगतीत एकाने दहा लाडू खाल्ले आणि नऊ जण उपाशी राहिले, तरी सरासरीने प्रत्येकाला एक लाडू मिळतोच.

ज्यांना जाता आले ते हिंदी लोक ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इकडे निघून गेले. १९८७ नंतर एक लाखाहून अधिक गेले. डॉक्टर गेले, शिक्षक गेले, हिशेबनीस गेले. लोकसंख्येतील त्यांचा वाटा २००७ मध्ये शेकडा साडेसदतीसवर आला. तौकेई सत्तावन्नच्या घरात पोचले. ज्या भीतीपोटी बंड झाले तिचे कारण संख्येपुरते तरी संपले. पण १९९० च्या दशकात वीस हजारांवर असलेले ऊस-उत्पादक त्यानंतर निम्म्याच्या आसपास उरले. युरोपने दिलेला चढा भाव २००६ नंतर पायरीपायरीने कमी झाला, ही त्यात भर. भावकीकडे परत आलेल्या कितीतरी जमिनीत गवत माजले. तिचा खंडही बुडाला.

तुलनेचा प्रश्न मात्र सुटला नाही. २०१३ च्या घटनेने सर्व नागरिकांना एकच ‘फिजीयन’ हे नाव दिले, आणि २०१७ च्या शिरगणतीचे वंशवार आकडे सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. पुढे २०१९-२० च्या कुटुंब-पाहणीचा अहवाल २०२१ साली बाहेर आला. त्यात गरिबांपैकी सुमारे तीन चतुर्थांश तौकेई आढळले. सरकारने हे वंशवार आकडे सदोष ठरवले आणि सांख्यिकी खात्याच्या प्रमुखाला पदावरून दूर केले. पूर्वी आकडे मांडून माणसांना दोन रकान्यांत कोंबले, आता रकानाच पुसला. उघड्यावर वाद घालण्याची संधी दोन्ही वेळा गेली. आम्हाला स्वतःला वाटते की तो आकडा छापावा. त्याच्या शेजारी गाव आणि शहर, पट्टेदार आणि बिनपट्टेदार, सरदार आणि सामान्य हेही रकाने छापावेत, म्हणजे तीन चतुर्थांशांतले हे लोक नेमके कोण ते कळेल.

२०२२ च्या अखेरीस राम्बुका पुन्हा पंतप्रधान झाले, या वेळी निवडणुकीने. २०२३ च्या मे महिन्यात, गिरमिट दिनाच्या समारंभात, त्यांनी १९८७ च्या कृत्याबद्दल हिंदी लोकांची जाहीर क्षमा मागितली, आणि त्याच वर्षापासून हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा झाला. समारंभाला आलेल्यांत वयस्क लोक पुष्कळ होते. त्यांच्यापैकी अनेकांची मुले सिडनीत किंवा ऑकलंडमध्ये आहेत. जमिनीचा कायदा मात्र १९७६ चाच आहे, आणि त्याखाली दिलेल्या नव्या पट्ट्यांची मुदतही तीसच वर्षांची आहे.